समुद्री माशांचें दुखणें व औषधाची वेळ

घरांत मुक्या प्राण्यास आश्रय देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. गोठ्यांतील गाय, ओटीवरचें मांजर, आणि आतां दिवाणखान्यांतील काचेच्या टाकींतले मासे, असा हा क्रम ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कुटुंबांतून दिसूं लागला आहे. १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, व त्यानें इकडच्या कित्येक पिढ्यांस समुद्रांतील रंगीत मासे प्रथम दाखविले. त्या वेळीं जें पाहण्यासाठीं मुद्दाम मुंबईस जावें लागे, तें आज कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून पिशवींत घालून लोकलनें घरीं आणतां येतें. गोल्डफिश व गप्पी यांवर समाधान न मानतां पुष्कळ घरें खाऱ्या पाण्याकडे वळलीं आहेत. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा व निळा टँग हे तर मुलांच्या ओळखीचे झाले आहेत.

या हौसेस आमचा मुळींच विरोध नाहीं. मुलांस निरीक्षणाची गोडी लावणारें यासारखें दुसरें साधन घरांत क्वचितच असेल. परंतु हे मासे आजारी पडतात, आणि ते आजारी पडले म्हणजे घरोघर जी धांदल उडते, तिच्यांत औषधाचा दोष थोडा व आपल्या उतावीळपणाचा दोष फार असतो, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. म्हणून या विषयावर चार व्यवहारोपयोगी गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे.

समुद्री माशांस होणाऱ्या रोगांत सर्वांत परिचित रोग म्हणजे पांढऱ्या डागांचा. माशाच्या अंगावर व परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसतात. मासा दगडावर अंग घासतो, खाणें टाकतो व भराभर श्वास घेऊं लागतो. हें बुरशीचें काम नव्हे, कीं मीठ अधिक झाल्याचेंहि नव्हे. हा एका एकपेशीय परोपजीवी जंतूचा उपद्रव आहे. जपानांत सिकामा या संशोधकानें १९३७ च्या सुमारास त्याचें वर्णन केलें, आणि १९५१ सालीं ब्राउन यांनीं त्यास ‘क्रिप्टोकॅरियन इरिटान्स’ हें शास्त्रीय नांव दिलें. त्याची शत्रुता माशाच्या कातडीशीं व कल्ल्यांशीं असते. कल्ले म्हणजे माशाचीं फुप्फुसेंच. तीं बिघडलीं कीं मासा पाण्यांत असूनहि गुदमरतो.

डोंबिवलीस आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. तिघे भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें व वृद्ध आई. धाकट्या भावानें पुतण्याच्या वाढदिवसास एक निळा टँग आणला व तो तसाच मोठ्या टाकींत सोडला. आठवड्याभरांत त्याच्या अंगावर डाग उठले. दुकानदारानें दिलेलें औषध मोठ्या टाकींतच ओतण्यांत आलें, आणि चौथ्या दिवशीं डाग नाहींसे झाले. सर्वांस आनंद झाला व औषध बंद करण्यांत आलें. पुढें दहाबारा दिवसांनीं एके सकाळीं त्या एका माशावरच नव्हे, तर आठहि माशांवर डाग दिसले, आणि पंधरवडा संपण्यापूर्वीं टाकींत दोन मासे उरले. मुलगा कोणाशीं बोलेना. घरांतील मंडळी म्हणूं लागलीं कीं औषध खोटें होतें. औषधाच्या खरेखोटेपणाची परीक्षा होण्याची वेळच मुळीं आली नव्हती! डाग गेले ते औषधानें गेले नव्हते. ते आपल्या क्रमानें गेले होते. हें कसें, तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सर्व उपचाराचें मर्म त्यांत आहे.

या जंतूच्या आयुष्यांत तीन मुख्य अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेंत तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखालीं घुसून तीन ते सात दिवस आपलें पोट भरतो. आपणांस दिसणारा पांढरा डाग तो हाच. पोट भरलें कीं तो आपण होऊन मासा सोडतो, तळाशीं जातो व स्वतःभोंवतीं टणक कोश बांधतो. ही दुसरी अवस्था. त्या कोशांत एकाचे दोन, दोनाचे चार असें विभाजन होऊन दोनशेंपर्यंत पिलें तयार होतात. बहुधा तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत केव्हां तरी कोश फुटतो व तीं पिलें पाण्यांत पोहूं लागतात. ही तिसरी अवस्था. हिच्यांत त्यांस एकदोन दिवसांच्या आंत नवा मासा गांठावा लागतो, न गांठल्यास तीं मरतात.

चोराची उपमा दिल्यास हें मुलांसहि समजेल. पहिल्या अवस्थेंत चोर घरांत लपला आहे, दुसऱ्या अवस्थेंत तो गढींत दार लावून बसला आहे, आणि तिसऱ्या अवस्थेंत तो उघड्या वाटेवर आहे. आपलें औषध हा वाटेवर गस्त घालणारा शिपाई होय. घरांत किंवा गढींत त्याचा हात पोंचत नाहीं. कातडीखालचा जंतु व कोशांतला जंतु या दोघांवर नेहमींच्या औषधांचा परिणाम होत नाहीं. मरतो तो फक्त पाण्यांत पोहणारा. म्हणून शिपायाची गस्त शेवटचा चोर गढीबाहेर येईपर्यंत एक दिवसहि मोडतां कामा नये. चौथ्या दिवशीं डाग गेले याचा अर्थ एवढाच कीं चोर घरांतून गढींत गेला. आणि नेमक्या त्याच दिवशीं डोंबिवलीच्या त्या घरीं शिपायास रजा देण्यांत आली.

यावरून पहिला नियम निघतो तो हा कीं, उपचार वेगळ्या टाकींत करावा. मोठ्या टाकींत वाळू, शिंपले व दगड असतात. ते औषध शोषून घेतात. शिवाय गोगलगाई, कोळंबी व इतर बिनकण्याचे जीव तांब्यानें मरतात. यासाठीं ३० ते ५० लिटरची साधी कांचेची टाकी ‘दवाखाना’ म्हणून बाजूस ठेवावी. तींत वाळू नको, शिंपला नको. लपण्यासाठीं पीव्हीसी नळाचे दोनचार तुकडे, हवेचा पंप व पूर्वीं वापरांत मुरलेला स्पंज फिल्टर एवढें पुरे. वीज जाते तेव्हां चालेल असा बॅटरीचा पंपहि जवळ असावा. पाणी खाडीचें आणूं नये. आरओच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम मत्स्यालयाचें मीठ विरघळवून तें तयार करावें. दवाखान्याची जाळी, बादली व फडकें हीं मोठ्या टाकीस लागूं देऊं नयेत. ज्या घरांत सोंवळ्याओंवळ्याची समज आहे, त्या घरास हें निराळें शिकवावें लागणार नाहीं. येथें त्या शिस्तीस कारणहि डोळ्यांपुढें आहे.

आतां औषधाकडे वळूं. या रोगावर सर्वांत जुना व कसोटीस उतरलेला उपाय तांब्याचा आहे. आपला मोरचूद, संस्कृतांत ज्यास तुत्थ म्हणतात तो, तांब्याचाच क्षार होय. पाण्यांत तांब्याचें प्रमाण लिटरमागें ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावें लागतें. त्याहून कमी झालें तर जंतु जगतो, फार अधिक झालें तर मासा मरतो. इतक्या अरुंद वाटेवरून चालावयाचें असल्यामुळें येथें चिमूट किंवा चमचा हें माप चालत नाहीं. (विकतच्या कांहीं औषधांत तांबें दुसऱ्या द्रव्याशीं बांधलेलें असतें, त्यांची मात्रा निराळी असून ती बाटलीवर पाहावी.)

हिशेब मात्र इयत्ता सातवीच्या त्रैराशिकाहून कठीण नाहीं. शुद्ध प्रयोगशाळेचा मोरचूद घ्यावा, शेतीचा घेऊं नये. त्याच्या वजनांत तांब्याचा अंश सुमारें चौथाई असतो. एक ग्रॅम मोरचूद एक लिटर शुद्ध पाण्यांत विरघळविला, तर त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरांत ०.२५ मिलिग्रॅम तांबें येतें. टाकींत ४० लिटर पाणी असेल, तर लिटरमागें ०.२० प्रमाणें ८ मिलिग्रॅम तांबें लागेल, म्हणजे द्रावण ३२ मिलिलिटर. मर्यादेच्या थोडें अलीकडे राहावें म्हणून ३० मिलिलिटर धरावें, व तेंहि एकदम न घालतां तीन दिवस रोज दहा दहा मिलिलिटर सिरिंजनें मोजून घालावें. टाकी ४० लिटरची म्हणून विकली गेली, एवढ्यावरून तींत ४० लिटर पाणी आहे असें समजूं नये. बादलीनें मोजून भरावें. मोरचुदाचा हा हिशेब करून थांबतां येत नाहीं. तांबें मोजण्याचा टेस्ट किट मिळतो. त्यानें रोज पाणी तपासावें व उणें पडेल तेवढेंच भरावें.

उणें कां पडतें, हें कोंकणांत बागायत असलेल्या वाचकांस सहज कळेल. सुपारीवरील कोळेरोगासाठीं बोर्डो मिश्रण फवारतात. त्यांत मोरचुदाबरोबर चुना घालतात, तो तांब्याचा विरघळण्याचा गुण कमी व्हावा व पान करपूं नये म्हणून. टाकींतील शिंपले व प्रवाळाची रेती हीहि चुन्याचींच रूपें. बागेंत चुना जें उपकाराचें काम करतो, तेंच टाकींत अपकाराचें होतें, कारण तांबें पाण्यांतून निघून खालीं बसतें. समुद्राच्या पाण्यांत मूळचाच क्षारांश असल्यानें रिकाम्या टाकींतहि थोडें तांबें असें निसटत असतें.

दोन गोष्टी आणखी ध्यानांत ठेवाव्या. मासे घाण करतात तिच्यांतून अमोनिया होतो व तोहि मासे मारतो, म्हणून दवाखान्यांतलें पाणी वरचेवर बदलावें लागतें. १० लिटर पाणी बदललें तर नव्या पाण्यांत त्याच प्रमाणानें साडेसात मिलिलिटर द्रावण घालावें. परंतु उन्हाळ्यांत वाफ होऊन पातळी उतरली, तर ती साध्या गोड्या पाण्यानें भरावी, औषध घालूं नये. वाफ पाण्याची होते, तांब्याची होत नाहीं. अमोनिया ‘बांधणारीं’ म्हणून जीं द्रव्यें विकतात, तीं तांब्याबरोबर वापरूं नयेत. त्या संयोगानें तांबें अधिक विषारी होतें. असा उपचार निदान तीन आठवडे, व निश्चिंती हवी असल्यास तीस दिवस अखंड चालवावा.

तांबें न सोसणारे मासेहि असतात. त्यांच्यासाठीं मिठाचें प्रमाण उतरविण्याचा उपाय आहे. पावसाळ्यांत उल्हास नदीचें पाणी येऊन कल्याणची खाडी गोडावते, तें आपण पाहतोंच. कित्येक मासे असा पालट सोसतात, जंतूस मात्र तो सोसत नाहीं. पाण्यांतील क्षार लिटरमागें ३५ ग्रॅमवरून दोनतीन दिवसांत १५ ग्रॅमच्या आसपास आणावेत, रिफ्रॅक्टोमीटरनें रोज मोजावेत, आणि डाग गेल्यावरहि तीन ते चार आठवडे तेथेंच ठेवून मग आठवडाभरांत हळूहळू चढवावेत. जंतूचे कांहीं वाण मात्र कमी खाऱ्या पाण्यांतहि तगतात, त्यामुळें हा उपाय सर्वत्र लागू पडेलच असें नाहीं.

तिसरी रीत औषधाशिवायची आहे, व ती आम्हांस विशेष आवडते. शतपथब्राह्मणांतील मनूची कथा वाचकांस ठाऊकच आहे. त्यानें लहानशा माशास आधीं कुंभांत, मग खळग्यांत व शेवटीं समुद्रांत नेलें. तेथें कारण निराळें होतें, पण पात्रामागून पात्र बदलण्याची युक्ति येथें अक्षरशः उपयोगी पडते. मासा सोडलेला जंतु तळाशीं जाऊन कोश बांधतो व त्या कोशांतून पिलें निघण्यास निदान तीन दिवस लागतात. तेव्हां दर तिसऱ्या दिवशीं, ७२ तास पूर्ण होण्यापूर्वीं, मासा उचलून स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकींत नव्या खाऱ्या पाण्यांत ठेवावा. मागचे कोश मागेंच राहतात. असें चार वेळां केलें कीं बारा दिवसांत मासा मोकळा होतो. दोन टाक्या आळीपाळीनें पुरतात. रिकामी झालेली टाकी, नळाचे तुकडे व पंपाचे दगड धुवून खडखडीत वाळवावे. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात, त्यामुळें ही रीत तेथें सहज चालते. मात्र तारीख व तास भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा व जबाबदारी एकाचीच असावी. सर्वांचें काम तें कोणाचेंच काम नसतें.

पांढऱ्या ठिपक्यांऐवजीं अंगावर सोनेरी धुळीसारखी बारीक साय दिसली व मासे जोरानें धापा टाकूं लागले, तर तो दुसरा रोग समजावा. त्याच्या जंतूचें नांव ‘अमायलोओडिनियम’. हा फार त्वरित मारतो, कधीं कधीं एकदोन दिवसांतच. आणि मीठ उतरविण्याचा उपाय यावर चालत नाहीं. येथें तांबें किंवा क्लोरोक्विन फॉस्फेट लागतें. क्लोरोक्विन म्हणजे हिंवतापावरील प्रसिद्ध औषध. त्याची मात्रा लिटरमागें सुमारें १० मिलिग्रॅम असून टाकीवर प्रकाश कमी ठेवावा लागतो. तें पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच वापरावें. माणसांच्या गोळ्या कुटून टाकींत घालूं नयेत. तिसरा उपद्रव चपट्या कृमींचा. मासा चार-पांच मिनिटें गोड्या पाण्यांत ठेवला, तर आधीं न दिसणारे हे पारदर्शक कृमि पांढरे होऊन गळून पडतात. त्या पाण्याची उष्णता व आम्लता टाकीच्या पाण्यासारखी हवी. यावर प्राझिक्वांटेल लिटरमागें २ मिलिग्रॅम या प्रमाणांत देतात. परंतु कृमि मेले तरी त्यांचीं अंडीं औषधास दाद देत नाहींत, म्हणून आठवड्याभरानें तीच मात्रा पुन्हां द्यावी लागते. येथेंहि प्रश्न वेळेचाच.

या औषधांविषयीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक सूचना करणें आम्ही कर्तव्य समजतों. मार्च २०२० मध्यें अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यांत एका दांपत्यानें करोनाच्या भीतीनें माशांसाठीं आणलेलें क्लोरोक्विन फॉस्फेट स्वतः घेतलें; पति मरण पावला, व पत्नीस रुग्णालयांत न्यावें लागलें. मोरचुदाचें निळें पाणी तर लहान मुलास सरबतासारखें वाटतें. तेव्हां हीं औषधें स्वयंपाकघरांत किंवा फ्रिजांत कदापि ठेवूं नयेत. जुन्या सरबताच्या बाटलींत भरूं नयेत. ठळक मराठी अक्षरांत ‘विष’ असें लिहून कुलपांत ठेवावींत. मोजण्याची सिरिंजहि निराळी असावी.

मासे दवाखान्यांत असतां मोठ्या टाकीचें काय करावें? तर तींत एकहि मासा ठेवूं नये. दगडांत बसलेला एखादा कोश ७२ दिवसांपर्यंत टिकल्याचें अभ्यासकांनीं नोंदलें आहे, म्हणून अडीच महिने ती टाकी मत्स्यहीन ठेवणें हाच सुरक्षित मार्ग. एवढा काळ मुलांस फार लांब वाटेल. परंतु पाणी चालू ठेवणें, मीठ मोजणें व वहींत नोंद करणें हें काम त्यांच्याकडे सोंपविलें तर दिवस जातात. उपचार संपल्यावर दवाखान्यांतलें तांबें कार्बननें काढून टाकावें व मासे तोंवर तेथेंच सांभाळावे. आणि पुढें नवा मासा, तो कितीहि निरोगी दिसो, तीस दिवस वेगळा राहिल्याशिवाय मोठ्या टाकींत जाऊं नये. सोयर दहा दिवसांत फिटतें. माशाचें तीस दिवसांचें धरावें, म्हणजे वर सांगितलेला बहुतेक खटाटोप वांचतो.

रोगी मासा जगत नाहीं असें पाहून दयाबुद्धीनें त्यास ठाण्याच्या मासुंदा तलावांत किंवा खाडींत सोडणारेहि लोक आढळतात. ही दया नव्हे. समुद्रांतला मासा तलावाच्या गोड्या पाण्यांत तडफडून मरतो. आणि खाडींत सोडला तर आपल्या घरचा रोग तो तेथील जीवांस देऊं शकतो. ठाण्याची खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचें अभयारण्य आहे व २०२२ सालीं तिची गणना रामसर स्थळांत झाली आहे. आपल्या टाकीचा निचरा तिच्यांत होऊं नये, एवढी काळजी तरी घ्यावी.

खरेदी करतांनाहि विवेक पाहिजे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें क्लाउन माशांची पैदास हौदांत करण्याची रीत बसविली आहे, त्यामुळें पैदाशीचे क्लाउन मासे मिळूं शकतात; ते मागून घ्यावे. निळे टँग मात्र बहुतेक आजहि समुद्रांतूनच धरले जातात, व प्रवासाच्या हालानें ते रोगास लवकर बळी पडतात. समुद्रघोडे व जिवंत प्रवाळ यांस वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे; कोणी दिले तरी ते घेऊं नयेत.

सारांश, औषध तीव्र असावें याहून तें योग्य मात्रेनें, योग्य पाण्यांत व पुरते दिवस दिलें जावें हें महत्त्वाचें. ज्वर उतरला म्हणून तिसऱ्या दिवशीं औषधाची पुडी टाकून देणारा रोगी व डाग गेले म्हणून गस्त मोडणारा मत्स्यपालक हे एकाच वर्गांतले विद्यार्थी होत. मासा आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं, आणि समुद्रांत परत जाण्याचा मार्ग आपणच त्याचा बंद केलेला असतो. म्हणून ज्या घरांत ही टाकी आहे, त्या घरानें एक वही, एक सिरिंज, एक टेस्ट किट व एक रिकामी टाकी एवढें साहित्य मासा आणण्यापूर्वींच जमवावें, आणि मग बाजारास जावें.